वळसंगची विहीर आणि लेआउटमधली मोकळी जागा

सोलापुरातून अक्कलकोट रोडने निघाले की एमआयडीसी लागते, पुढे कुंभारी आणि मग वळसंग. याच वळसंगात 1937 साली अस्पृश्यांसाठी खोदलेली विहीर बाबासाहेबांच्या हस्ते खुली झाली. त्या विहिरीबद्दल आपण अभिमानाने बोलतो. पण त्याच रस्त्यालगत आज शेतांचे प्लॉट पडताहेत, आणि त्या नकाशांत मुलांना खेळायला, म्हाताऱ्यांना सावलीत बसायला जागा ठेवली आहे का, हा प्रश्न आपल्या एकाही बैठकीत येत नाही. बाग म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असे आपलेच कार्यकर्ते म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. त्यात बागेचे नाव नाही. पण मुद्दा यादीचा नव्हताच. पैसा सर्वांचा, तर जागाही सर्वांची, हे तत्त्व त्यात होते. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तो कागदावर राहिला, म्हणून 20 मार्च 1927 रोजी तळ्यावर जावे लागले.

29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा झाली. के. टी. शहांनी भलीमोठी यादी असलेली दुरुस्ती आणली होती. तिच्यात सार्वजनिक उद्याने आणि बागाही होत्या. ती फेटाळली गेली. एस. नागप्पा यांनी स्मशानभूमीचे काय, असे विचारले. बाबासाहेबांनी सांगितले की ती सार्वजनिक निधीतून राखली जात असेल तर तीही या कलमात येते. यादी वाढवण्यापेक्षा व्यापक शब्द ठेवणे त्यांनी पसंत केले. आज ते कलम 15(2) आहे, आणि मराठी राज्यघटनेत त्यासाठी नेमका शब्द आहे: सार्वजनिक राबत्याच्या जागा. बाग त्यातच येते. अट एवढीच की ती राज्याच्या पैशाने राखलेली असावी किंवा सर्वसाधारण जनतेसाठी नेमून दिलेली असावी.

इथेच आजची मेख आहे. नवी बाग नगरपालिका बांधतेच असे नाही, ती लेआउटमध्ये येते. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट करताना साधारण 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. चांगला नियम आहे. पण ती जागा त्या लेआउटमध्ये राहणाऱ्यांसाठी. कंपाउंड झाले, गेट बसले, वॉचमन आला की तो जात विचारत नाही. 'कुठल्या बिल्डिंगचे?' एवढेच विचारतो. कलम 15(2) त्या गेटापाशी येऊन थांबते.

दुसरी बाजू आणखी वाईट. 0.4 हेक्टर म्हणजे जवळपास 40 गुंठे. कारखान्यात आणि यंत्रमागावर राबणाऱ्याला एवढ्या लेआउटमधला मंजूर प्लॉट परवडत नाही. तो एक-दोन गुंठे घेतो, तेही बहुतेक वेळा परवानगीशिवाय पाडलेल्या प्लॉटिंगमध्ये. 1992 च्या हद्दवाढीनंतर शहराच्या कडेला वस्ती अशीच पसरत गेली. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरे नियमित करण्याची सोय झाली. विकास शुल्क भरून रस्ता मागता येतो, गटार मागता येते. बाग मागायची तर जमीनच उरलेली नसते. घरात विडी वळणाऱ्या बाईला तंबाखूच्या धुळीतून अर्धा तास बाहेर पडायचे असेल, तर मे महिन्यातल्या सोलापुरी उन्हात तिने जायचे कुठे?

याउलट कुंभारीकडे पाहा. गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांना 10 हजार घरे मिळाली, 2006 मध्ये. रे नगरच्या 30 हजार घरांपैकी पहिली 15 हजार 19 जानेवारी 2024 रोजी दिली गेली. नरसय्या आडम मास्तरांच्या युनियनने हे लढून मिळवले. कम्युनिस्टांशी आपले मतभेद जुने आहेत, ते राहोत. पण संघटित कामगार मोठ्या जमिनीवर एकत्र वसतात, तेव्हा निदान नकाशा तरी असतो, त्यावर बोट ठेवून भांडता येते. एकेका गुंठ्यावर ते शक्य होत नाही.

आणि आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. वस्तीत मोकळा प्लॉट दिसला की आधी मंदिरवाले येतात, हे खरे. पण त्यांच्या आधी समाजमंदिराची पाटी रोवायला आपली पोरेही धावतात. विहार हवा, त्यासाठी वेगळी जागा मागू. उद्यानासाठी राखलेली जागा दुसऱ्या कामाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये बंगळुरूच्या मुद्दप्पा प्रकरणात सांगितले. तिथे तर खाजगी रुग्णालय होणार होते, म्हणजे कारण वरवर चांगलेच होते.

कलम 127 चेही लक्षात ठेवा. विकास आराखड्यात बागेचे आरक्षण पडले आणि दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देतो. त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत की आरक्षण रद्द होते. मोर्चा लागत नाही, गोंगाट होत नाही, बाग गेलेली असते.

म्हणून आपल्या वस्तीजवळ नवा लेआउट पडला की मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. मोकळी जागा कुठे आणि किती चौरस मीटर दाखवली आहे ते प्रत्यक्ष टेप धरून मोजा. मग सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून ती जागा कोणाच्या नावावर आहे ते बघा. मूळ मालकाचेच नाव अजून तिथे असेल, तर तिथला पहिला प्लॉट विकला जाण्याआधी लेखी हरकत नोंदवा.