थंडीचा हिशेब

"फ्रीजचं दार लाव!" हे ऐकल्याशिवाय आपल्याकडे मूल मोठं होत नाही. मला या ओरडण्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास दिसतो.

१८३३ साली 'टस्कनी' नावाचं जहाज बॉस्टनहून बर्फ घेऊन कलकत्त्याला आलं. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने भरला होता १८० टन, पोचला साधारण १००. तोही चार महिन्यांच्या प्रवासानंतर! युक्ती इतकीच, की लाद्या गच्च रचायच्या आणि बाहेरची हवा लागू द्यायची नाही. पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईतही उतरला.

आपल्या स्वयंपाकघरातलं शास्त्र नेमकं उलटं. शिंकं काय, जाळीचं फडताळ काय, अन्नाला वारा लागला पाहिजे, माशी-मांजर नको.

१९५८ मध्ये गोदरेजने भारतात बनवलेला फ्रीज आणला. गंमत म्हणजे फ्रीजला ही दोन्ही शास्त्रं लागतात. दार ट्यूडरसारखं घट्ट, पण आत फडताळासारखी खेळती हवा. आपण मात्र आतही जहाजासारखंच कोंबतो! मग थंड हवा फिरणार कुठून?

म्हणून आमच्याकडे डब्यांमध्ये फट, सगळ्यावर झाकण, कच्चे मासे सर्वांत खाली, उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये, आणि आतलं तापमान ५ अंशांच्या आत.

थंडीने बहुतेक जंतू मरत नाहीत, नुसते मंदावतात. शिळं ते शिळंच. आणि ते अजूनही बहुतेक घरांत आईच्याच पानात पडतं. तेव्हा मंडळी, मागच्या कप्प्यातला तो डबा आज तुम्हीच काढून बघा.