वऱ्हाडातला ऱ

तर झालं असं. अमरावतीला बाबांचं छोटं डीटीपीचं दुकान होतं. आजोबा शेतीतले शब्द, म्हणी सांगायचे आणि बाबा दुकान बंद झाल्यावर टाइप करायचे. आता आजोबा नाहीत. गेल्या रविवारी ती जुनी सीडी लावली तर फाइलभर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. अर्थ शून्य!

दोष सीडीचा नव्हता. त्या काळात डेस्कटॉपला मराठी यायचंच नाही. ते शिकवायला वेगळी सॉफ्टवेअर टाकावी लागत. बहुतेकांची युक्ती एकच: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेला फॉन्ट. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फॉन्ट गेला की मजकूर गेला.

गंमत म्हणजे सरकारी प्रमाण आधीपासून होतं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड १९८६ चा, इस्की संकेत १९९१ चा. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. पण विंडोजमध्ये देवनागरी आली विंडोज २००० पासून, आणि एक्सपीवरसुद्धा रीजनल सेटिंगमध्ये टिकमार्क करून सीडी घालावी लागायची. ही दरी छोट्या सॉफ्टवेअरनी भरली. बरहा १९९८ मध्ये कन्नडसाठी आलं, पुढे मराठीही शिकलं. मग गमभन आलं, २००९ मध्ये गूगलचं टायपिंग साधन आलं. रोमनमध्ये लिहा, देवनागरी उमटते. इनस्क्रिप्टला सराव लागतो, यांना लागत नाही. म्हणून आपण सगळे इकडे वळलो.

पण खरी परीक्षा वेगळीच आहे, आणि ती आपल्या वऱ्हाडातच होते :-) साधा र घेऊन ह जोडला की रफार होतो: 'वर्हाड'. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. इनस्क्रिप्टमध्ये यासाठी स्वतंत्र कळ आहे, शिफ्ट आणि जे. काही साधनं मात्र साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. दिसायला दोन्ही सारखंच, आत वेगळं. साध्या नोटपॅडमध्ये एक शोधा, दुसरं सापडत नाही.

कन्व्हर्टरने बाबांची फाइल बरीचशी परत आणली. फक्त हा ऱ जागोजागी हुकला. पऱ्हाटी, बिऱ्हाड, गुऱ्हाळ, सगळे बिघडलेले. मी वाचत गेलो, बाबा फोनवर सांगत गेले. दोन रविवार गेले. काही शब्द बाबांनाही आठवेनात. ते गेले ते गेलेच.

गूगलचं ते विंडोजवरचं साधन पुढे बंद झालं. पण त्यात लिहिलेलं युनिकोड आजही जसंच्या तसं उघडतं. म्हणून कुठलं साधन सोपं, हा प्रश्न माझ्यासाठी दुसरा. पहिला हा, की ते उद्या नसेल तेव्हा माझं लिखाण असेल का?

तुमच्याही घरी अशी सीडी असेल तर या रविवारी उघडा. सांगणारं माणूस घरात आहे तोवरच.