आधी शंका, मग सिद्धांत: बालाघाटावरच्या कीर्तनातील युक्तिवादाची परंपरा

बीड जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, बालाघाटाच्या पठारावर, नेकनूर, नांदूरघाट, केज, अंबाजोगाई हा गावांचा पट्टा आहे. समोरच्याला एखादी गोष्ट पटवून द्यायची तर ती कोणत्या क्रमाने मांडावी, याची एक पक्की रीत या मुलखाने शेकडो वर्षे सांभाळली आहे. गावोगावच्या हरिनाम सप्ताहातील कीर्तनात ती आजही ऐकू येते. मांडव देवळापुढचा आणि विषय भक्तीचा असला, तरी तिच्या मुळाशी न्यायशास्त्र, महानुभावांचे दृष्टांत आणि वेदान्तातील वादपद्धती आहे.

यातला सर्वांत जुना थर न्यायदर्शनाचा. दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेल्या अनुमानाचे न्यायदर्शनाने पाच अवयव सांगितले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघरात. तसाच धूर या डोंगरावर आहे. म्हणून तिथे आग आहे. या मांडणीत उदाहरणाला हक्काची जागा आहे. ऐकणाऱ्याने स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट मध्ये आल्याशिवाय नुसत्या हेतूवर युक्तिवाद पूर्ण होत नाही.

तेराव्या शतकात महानुभाव पंथाने ही रीत मराठीत आणली आणि तिला सुटसुटीत केले. बीडची उत्तर सीमा आखणारा गोदाकाठ हा या पंथाचा जुना वावराचा प्रदेश. गेवराई तालुक्यातील पांचाळेश्वर हे त्यांचे आत्मतीर्थ. चक्रधरस्वामींच्या निरूपणातील दृष्टांत केसोबासांनी एकत्र केले. त्या ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत आहेत आणि मांडणी तीन भागांची आहे. आधी सूत्र, म्हणजे स्वामींचे नेमके वचन. मग दृष्टांत, म्हणजे लोकव्यवहारातली छोटी गोष्ट. शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे ती गोष्ट मूळ विषयाला कशी लागू पडते याचा उलगडा. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात, ज्याच्या हाताला जो अवयव लागला तोच त्याला अख्खा हत्ती वाटतो, ही गोष्ट त्यात आहे. गोष्ट देशोदेशी सांगितली जाते. महानुभावांचे वैशिष्ट्य पुढच्या पायरीत आहे: हत्ती म्हणजे कोण, आंधळे म्हणजे कोण, हे दार्ष्टान्तिकात उघड सांगितले जाते. गोष्ट रंगली आणि मुद्दा निसटला, ही कथेने पटवण्यातली नेहमीची अडचण या तिसऱ्या भागाने दूर केली. मराठी गद्याच्या अगदी आरंभकाळात इतकी शिस्तबद्ध मांडणी सापडावी, ही मोठी गोष्ट आहे.

दुसरा धागा अंबाजोगाईकडे जातो. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चे लेखन परंपरेने शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ मधले मानतात. ग्रंथाचा काळ आणि स्थळ याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. समाधी मात्र अंबाजोगाईजवळ दाखवली जाते. ग्रंथ गुरुशिष्यसंवादाचा आहे आणि विवेचन पुढे सरकते ते शिष्याच्या शंकांमुळे. पुढे ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात अज्ञानाचे खंडन केले तेही याच वळणाने: प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचे, मगच खोडायचे. पूर्वपक्ष आधी, उत्तरपक्ष नंतर. रोमन वक्तृत्वशास्त्रात क्रम सहसा उलटा असे. वक्ता प्रथम आपली बाजू सिद्ध करी आणि विरोधकाचा समाचार त्यानंतर घेई. न्यायसभेत जिंकायला तो क्रम सोयीचा होता. इथे समोर बसलेल्याच्या मनातली शंकाच दूर करायची होती, म्हणून तिला पहिला मान मिळाला.

वारकरी कीर्तनात हे दोन्ही धागे एकत्र आले. कीर्तनकार संतांचा एक अभंग सेवेला घेतो आणि साधारण दोन तास त्या अभंगाला बांधलेला असतो. मागे टाळकरी, बाजूला मृदंगी, गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी. अभंग चालीवर म्हणून झाला की कीर्तनकार तो कोणाचा, किती चरणांचा आणि कशाबद्दलचा हे सांगतो. मग ध्रुवपद घेऊन चिंतन सुरू होते. ‘महाराज, नामाने सगळे साधते म्हणता, मग आम्ही इतकी वर्षे नाम घेतो, आमचे दुःख का जात नाही?’ असा प्रश्न कीर्तनकार स्वतःच श्रोत्यांच्या वतीने उभा करतो. उत्तर देताना आधी सिद्धांत, त्याला ज्ञानेश्वरीतले किंवा गाथ्यातले प्रमाण, मग दृष्टांत. प्रमाणाचा पहिला शब्द त्याच्या तोंडून निघाला की टाळकरी ते उचलतात आणि चालीवर म्हणतात. त्या दोन-तीन मिनिटांत श्रोत्याला विचार करायला सवड मिळते आणि कीर्तनकाराला पुढचा मुद्दा जुळवायला. असे एकेक चरण सोडवत जाऊन शेवटी तो पुन्हा ध्रुवपदावर येतो. ग्रंथाचे तात्पर्य ठरवताना मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता पहिली खूण मानली. कीर्तनाची अखेर त्या कसोटीला उतरते. अंबाजोगाईसारख्या गावात रुजलेल्या नारदीय कीर्तनाची घडण वेगळी: पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण, मध्ये नामाचा गजर, उत्तररंगात त्याच तत्त्वाचे आख्यान. तिथे दृष्टांतच वाढून अर्धे कीर्तन व्यापतो.

ही रीत शिकवण्याची शिस्तशीर सोय विष्णुबुवा जोग यांनी केली. त्यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ज्ञानेश्वरी आणि गाथा यांच्याबरोबर ‘विचारसागर’सारखे वेदान्ताचे ग्रंथ आले, आणि त्यांच्याबरोबर अधिकारी, विषय, संबंध, प्रयोजन ही चौकट शेतकऱ्यांच्या मुलांच्या तोंडी बसली. जोग महाराजांच्या शिष्यपरंपरेतील बंकटस्वामी महाराज नेकनूरचे. आळंदीला शिकलेले भगवानबाबा (१८९६–१९६५) याच जिल्ह्यातले. या मंडळींमुळे आळंदीची मांडणी बालाघाटाच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली. तो काळ निजामी राजवटीचा होता. सरकारी शिक्षणावर उर्दूची छाप होती आणि राजकीय सभेला आधी परवानगी काढावी लागे. अशा दिवसांत शेकडो माणसांनी एकत्र बसून मराठीतून दोन तास सलग युक्तिवाद ऐकण्याची जागा म्हणजे कीर्तन. मराठवाड्याच्या भाषिक इतिहासात या गोष्टीला मिळायला हवे तेवढे महत्त्व अजून मिळालेले नाही.

याच काळात गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) मांडणीचा क्रम बदलून टाकला. प्रमाणग्रंथाचा आधार त्यांनी जवळजवळ बाजूला ठेवला आणि पूर्वपक्ष श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेतला. नवसाचा बोकड, सणासाठी काढलेले कर्ज, दारू, पोरांची शाळा अशा विषयांवर ते छोटे छोटे प्रश्न विचारत. उत्तर लोक देत, आणि चार-पाच उत्तरांनंतर निष्कर्षही लोकच बोलून जात. दृष्टांतासाठी त्यांना वेगळी गोष्ट रचावी लागत नसे. ऐकणाऱ्याचे घर आणि शेत हाच दृष्टांत होता. स्वतःच दिलेल्या उत्तरांवरून निघालेला निष्कर्ष नाकारणे कुणालाही जड जाते, आणि त्यांच्या कीर्तनाची ताकद त्यात होती.

आज सप्ताहाच्या मांडवात ध्वनिक्षेपक आणि कॅमेरे आले आहेत. कीर्तनाचे दोन-तीन मिनिटांचे तुकडे मोबाईलवर फिरतात आणि त्यांत बहुतेक वेळा एखादा विनोदी दृष्टांत तेवढा असतो. मागची शंका आणि पुढचा सिद्धांत कापला गेल्यामुळे अशा तुकड्यावरून कीर्तनकाराचे म्हणणे ठरवता येत नाही. त्यासाठी पहिल्या चरणापासून शेवटच्या चरणापर्यंत पूर्ण कीर्तनच ऐकावे लागते.