दाराबाहेरची ओढ

आमचं वाळूज गंगापूर तालुक्यात, नगर रोडवर. शेजारच्या पंढरपूर गावात विठ्ठलाचं मंदिर हाये. लोक त्याला छोटे पंढरपूर म्हणतात. आषाढीला खेड्यापाड्यातून, संभाजीनगरातून दिंड्या येतात, रस्ता माणसानं भरून जातो. त्यात कुणबी पुष्कळ. मृगात पेरलं की आषाढात कोळपणी, खुरपणी येते. भीमेकाठी जायला सवड कुठून काढावी? मग जवळच्या विठोबापुढं माथा टेकायचा आन् माघारी यायचं. माझ्या आईची सारी हयात अशीच गेली. पण पंढरीहून आलेला वारकरी दिसला की ती आधी पाणी द्यायची, मग पाया पडायची, मग तिथलं सगळं विचारून घ्यायची. न गेलेल्या वाटेनं तिला किती अनोळखी माणसं जोडून दिली!

ह्या ओढीचा मोठा इतिहास चोखोबांचा. मंगळवेढ्याचे चोखोबा चौदाव्या शतकातले, नामदेवांच्या काळातले. पंढरपूर जवळच, पण जातीनं महार म्हणून देवळात पाऊल ठेवायची बंदी. दर्शन बाहेरूनच. तरी ते गप बसले नाहीत; अभंगातून त्यांनी देवालाच जाब विचारला. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सारं घर अभंग रचणारं झालं. 1338 साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं, त्याखाली चोखोबा गेले. नामदेवांनी अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी केली, असं परंपरा सांगते. आज महाद्वारातून जाणारा वारकरी आधी तिथं वाकतो.

पण एक सांगतो. ओढीनं माणूस खोल होतो म्हणून दार लावणाऱ्याला पुण्य लागत नाही. चोखोबांच्या माघारी सहाशे वर्षं ती बंदी तशीच राहिली. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी त्यासाठी पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसले, त्यानंतर ती उठली.

2020 साली करोनात पायी वारी थांबली, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. कळ लागली, पण ते दार रोगानं लावलं होतं. लोकांनी घरीच टाळ वाजवले. माझ्या आईला शेतानं अडवलं, चोखोबांना माणसांनी. ओढ दोघांची सारखीच असंल, पण दोन्ही अडवण्यांना एका मापानं मोजू नये.