त्यागाचा कौल : अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांची दोन मतदाने (२००३ आणि २०१२)

१/
३१ मार्च २००३. अमेरिकन एअरलाइन्स या तेव्हाच्या जगातील सर्वांत मोठ्या विमानकंपनीने दिवाळखोरीचा अर्ज तयार ठेवला होता. तो न्यायालयात दाखल होण्याच्या काही तास आधी तीन कर्मचारी संघटनांशी तात्पुरता समझोता झाला. अट अशी की, कर्मचाऱ्यांनी स्वतःच्याच मताने स्वतःचे वेतन कमी करून घ्यावे. नऊ वर्षांनी तेथील वैमानिकांपुढे हाच प्रश्न पुन्हा आला. पहिल्या वेळी उत्तर ‘हो’ होते, दुसऱ्या वेळी ‘नाही’. या दोन उत्तरांमध्ये काय घडले, त्याचा हा इतिहास.

२/
संकट खरे होते, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहरण झालेल्या चार विमानांपैकी दोन याच कंपनीची होती. त्यानंतर प्रवासी घटले, विम्याचा व सुरक्षेचा खर्च वाढला. कंपनीच्या मूळ संस्थेला २००२ साली सुमारे ३५० कोटी डॉलरचा तोटा झाला. मार्च २००३ मध्ये इराक युद्ध सुरू झाले आणि तिकीटविक्री आणखी ढासळली.

३/
प्रतिस्पर्ध्यांची अवस्था डोळ्यांसमोर होती. यूएस एअरवेज ऑगस्ट २००२ मध्ये, तर युनायटेड डिसेंबर २००२ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. ३१ मार्च २००३ याच दिवसापासून यूएस एअरवेजच्या वैमानिकांची निवृत्तिवेतन योजना रद्द झाली आणि तिचा भार सरकारी हमी महामंडळाकडे गेला. हे महामंडळ ठरावीक मर्यादेपर्यंतच रक्कम देते. त्यामुळे मोठे निवृत्तिवेतन मिळवलेल्या वैमानिकांना त्याचा सर्वांत मोठा फटका बसला.

४/
येथे अमेरिकेतील कायद्याची पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. विमानसेवेतील कामगार संबंध १९२६ च्या रेल्वे कामगार कायद्याखाली येतात. १९३६ साली तो विमानकंपन्यांना लागू झाला. या कायद्यानुसार वेतनकरार ‘संपत’ नाही. मुदत उलटल्यावर तो केवळ बदलण्यास खुला होतो आणि नवा करार होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. वाटाघाटी वर्षानुवर्षे चालू शकतात. कर्मचाऱ्यांसाठी ही एक भक्कम भिंत होती.

५/
तिला पहिले मोठे भगदाड १९८३ साली पडले. कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचे प्रमुख फ्रँक लोरेंझो यांनी कंपनी दिवाळखोरीत नेली, कामगार करार बाजूला सारले आणि वेतन सुमारे निम्म्यावर आणले. वैमानिकांचा संप दोन वर्षे चालला आणि फसला. त्यानंतर १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने दिवाळखोरी कायद्यात कलम १११३ घातले : करार मोडायचा तर कंपनीने आधी वाटाघाटी कराव्यात, कपातीची गरज न्यायाधीशांना पटवावी आणि झळ सर्वांना न्याय्य प्रमाणात बसते आहे हे दाखवावे.

६/
या कलमाने मनमानीला आळा घातला, पण मार्गही आखून दिला. तेव्हापासून प्रत्येक वेतनकपातीच्या चर्चेत टेबलावर एक अदृश्य तिसरा पक्ष बसलेला असतो : दिवाळखोरी न्यायालय. व्यवस्थापनाला ते शब्दांत सांगावेही लागत नाही. “आज आपल्या मताने द्या, नाहीतर उद्या न्यायाधीशांच्या आदेशाने जाईल,” हा त्याचा अर्थ साऱ्यांना कळतो.

७/
वैमानिक मग नोकरी का सोडत नाहीत? कारण त्यांची खरी मालमत्ता म्हणजे सेवाज्येष्ठता. कोणते विमान, कॅप्टनची खुर्ची की सह-वैमानिकाची, कोणता मार्ग, कोणती सुट्टी, हे सारे त्या यादीतील क्रमांकावर ठरते. कंपनी बदलली की वीस वर्षांचा अनुभवी कॅप्टनही नव्या यादीत तळाशी जातो. त्यामुळे कंपनी बुडणे म्हणजे त्याचे आयुष्यभराचे भांडवल बुडणे.

८/
२००३ चा हिशेब असा होता. वर्षाला १८० कोटी डॉलरची बचत हवी होती. त्यात वैमानिकांचा वाटा ६६ कोटी, यंत्रज्ञ व भूसेवकांचा ६२ कोटी, केबिन कर्मचाऱ्यांचा ३४ कोटी; उरलेला व्यवस्थापन व इतर कर्मचाऱ्यांचा. वैमानिकांच्या वेतनात पहिल्या वर्षी २३ टक्के आणि पुढे १७ टक्के कपात होणार होती. बदल्यात सुमारे ५ डॉलरच्या भावाने कंपनीचे समभाग घेण्याचा हक्क मिळणार होता.

९/
समर्थकांचा युक्तिवाद साधा होता. न्यायालयात गेल्यास कपात याहून खोल होईल आणि निवृत्तिवेतन धोक्यात येईल. विरोधकांचा मुद्दाही तितकाच ठोस होता : एकदा सोडलेले वेतन परत मिळत नाही, सहा वर्षांच्या करारात कंपनी सावरली तरी वैमानिक खालीच राहील, आणि व्यवस्थापन स्वतः किती झळ सोसते आहे, हे कोणी पाहिले?

१०/
वयाप्रमाणेही मते विभागत होती. तेव्हा निवृत्तीचे सक्तीचे वय ६० होते. पंचावन्न वर्षांच्या कॅप्टनला गेलेले भरून काढायला वेळ नव्हता. त्याला निवृत्तिवेतन वाचवायचे होते. यादीच्या तळाच्या तरुणाला नोकरीच टिकवायची होती. २००१ मध्ये विकत घेतलेल्या टीडब्ल्यूए कंपनीच्या अनेक वैमानिकांना आधीच यादीत अगदी खाली टाकले गेले होते. त्या काळात दोन हजारांहून अधिक वैमानिक कामावरून कमी झाले. त्यांत टीडब्ल्यूएचे वैमानिक मोठ्या संख्येने होते.

११/
एप्रिलच्या मध्यास निकाल लागला. वैमानिकांनी स्पष्ट बहुमताने ‘हो’ म्हटले. केबिन कर्मचाऱ्यांनी मात्र थोडक्या मतांनी करार फेटाळला. मग मतदानाची मुदत एक दिवस वाढवण्यात आली आणि १६ एप्रिल रोजी तेथेही होकार आला. दिवाळखोरी टळली, असे वाटले. केवळ संघटनांच्या अंतिम सह्या बाकी होत्या.

१२/
नेमक्या त्याच वेळी कंपनीचा लांबणीवर पडलेला वार्षिक अहवाल नियामकाकडे दाखल झाला आणि त्यातील तपशील वृत्तपत्रांत आले. २००५ च्या जानेवारीपर्यंत कंपनीत राहिल्यास सर्वोच्च अधिकाऱ्यांना मूळ वेतनाच्या दुप्पट बोनस मिळणार होता. शिवाय ४५ अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी ४ कोटी १० लाख डॉलरचा स्वतंत्र न्यास उभारला होता. कंपनी दिवाळखोर झाली तरी ती रक्कम सुरक्षित राहावी, हा त्याचा हेतू.

१३/
रक्कम पाहिली तर १८० कोटींपुढे ४ कोटी काहीच नव्हते. पण ज्या संकटाची भीती दाखवून कर्मचाऱ्यांकडून वेतन मागितले, त्याच संकटापासून अधिकाऱ्यांनी स्वतःची तरतूद आधीच करून ठेवली होती. आणि मतदान संपेपर्यंत मतदारांना ते ठाऊक नव्हते. संताप आकड्याचा नव्हता, लपवणुकीचा होता.

१४/
प्रमुख डॉन कार्टी यांनी माफी मागितली, बोनस सोडून देण्यात आले. निवृत्तिवेतनाचा न्यास मात्र तसाच राहिला. संघटनांनी फेरविचाराची भाषा सुरू केली. २४ एप्रिल २००३ रोजी कार्टी यांनी राजीनामा दिला आणि जेरार्ड आर्पी आले. कराराची मुदत सहाऐवजी पाच वर्षे झाली व सह्या झाल्या. कंपनी वाचली. ठेवा एकच गमावला होता, तो ताळेबंदात दिसत नाही : विश्वास.

१५/
आर्पी यांनी सुरुवातीला तो काही अंशी परत मिळवला. संघटनांना हिशेब दाखवले, खर्च कमी करण्यात त्यांना सहभागी केले. २००६ मध्ये कंपनी पुन्हा नफ्यात आली. पण समभागांचा भाव वाढताच व्यवस्थापनातील अधिकाऱ्यांना समभागांच्या मूल्याशी जोडलेले कोट्यवधी डॉलर मिळाले. कपात भोगणाऱ्या कर्मचाऱ्यांचे मूळ वेतन मात्र कपातीआधीच्या पातळीवर परत आले नाही. २००८ मध्ये करार बदलण्यास खुला झाला. वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळल्या.

१६/
शेवटी २९ नोव्हेंबर २०११ रोजी, ज्या दिवाळखोरीला टाळण्यासाठी एवढे दिले होते, तीच आली. आर्पी पायउतार झाले, टॉम हॉर्टन प्रमुख झाले. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने सुमारे १३,००० नोकऱ्या कमी करण्याचा आणि कामगार खर्चात वर्षाला १२५ कोटी डॉलरची कपात करण्याचा प्रस्ताव मांडला. वैमानिकांपुढे पुन्हा तोच प्रश्न : मताने द्यायचे की आदेशाने?

१७/
या वेळी संघटनांनी वेगळी खेळी केली. एप्रिल २०१२ मध्ये तिन्ही संघटनांनी प्रतिस्पर्धी यूएस एअरवेजच्या विलीनीकरणाच्या प्रस्तावाला जाहीर पाठिंबा दिला. विमानसेवेच्या इतिहासात हे विलक्षणच. स्वतःच्या व्यवस्थापनाशी वाटाघाटी चालू असताना कर्मचाऱ्यांनी दुसरे व्यवस्थापन पसंत केले होते.

१८/
ऑगस्ट २०१२ मध्ये मतदान झाले. कंपनीच्या अंतिम प्रस्तावात कपातीसोबत काही वेतनवाढ आणि दिवाळखोरीतून बाहेर पडणाऱ्या कंपनीत हिस्साही होता. संघटनेच्या नेतृत्वातच मतभेद होते. ८ ऑगस्टला निकाल आला : ६१ टक्के विरोधात. प्रस्तावाचा मसुदा बहुधा २००३ पेक्षा वाईट नव्हता. पण मतदारांची स्मृती बदलली होती.

१९/
नकाराची किंमतही मोजावी लागली. न्यायाधीश शॉन लेन यांनी कंपनीची पहिली मागणी दोन मुद्द्यांवर नाकारली, पण सुधारित मागणी ४ सप्टेंबर रोजी मान्य केली. वैमानिकांचा जुना करार रद्द झाला. त्याच महिन्यात विमाने मोठ्या प्रमाणावर उशिरा सुटू लागली, उड्डाणे रद्द झाली. वैमानिक दुरुस्तीच्या नोंदी वाढवून अडथळे आणत असल्याचा आरोप कंपनीने केला. संघटनेने संघटित कारवाईचा इन्कार केला.

२०/
न्यायालय करार मोडू शकते, पण सहकार्याचा आदेश काढू शकत नाही, हे त्या आठवड्यांत दिसले. दोन्ही बाजू पुन्हा बसल्या. ७ डिसेंबर २०१२ रोजी नव्या कराराला ७४ टक्के वैमानिकांनी होकार दिला. फेब्रुवारी २०१३ मध्ये विलीनीकरणाची घोषणा झाली आणि ९ डिसेंबर २०१३ रोजी ते पूर्ण झाले. प्रमुखपदी आले यूएस एअरवेजचे डग पार्कर, म्हणजे संघटनांनी पाठिंबा दिलेलेच.

२१/
मग २००३ चा ‘हो’ चूक होता आणि २०१२ चा ‘नाही’ बरोबर? इतके सोपे उत्तर इतिहास देत नाही. ‘हो’मुळे आठ वर्षे दिवाळखोरी लांबली आणि त्या काळात हजारो वैमानिकांना निवृत्तिवेतन मिळवता आले, यूएस एअरवेज व युनायटेडच्या सहकाऱ्यांना ते लाभले नाही. ‘नाही’मुळे करार गेला, पण तीन-चार महिन्यांत बोलणी नव्याने झाली.

२२/
दोन्ही मतदानांतून एवढे मात्र निश्चित दिसते की कर्मचारी कपात स्वीकारायला तयार होतात. संकट खरे असेल तर बहुमताने होतात. पण कलम १११३ ने कायद्यात लिहिलेली अट, झळ सर्वांना न्याय्य प्रमाणात बसावी, ती न्यायालयाबाहेरही लागू असते. २००३ मध्ये ती मोडल्याचे मतदानानंतर कळले. २०१२ चा मतदार ते विसरला नव्हता.