पाटणचा शिलालेख आणि तीन प्रश्न

घटिकापात्रात मोती अडकला, लग्नाचा मुहूर्त टळला आणि दुःखी लेकीसाठी भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ रचली, ही कथा मुलांना आवडते. चाळीसगाव तालुक्यातील पाटणचा शिलालेख मात्र तिच्याविषयी मौन बाळगतो. १२०७ च्या सुमाराच्या या लेखात भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव भेटतात. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चांगदेवाने काढलेल्या मठाची नोंदही सापडते. मोत्याची कथा येते ती फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतरात, मूळ ग्रंथानंतर चार शतके उलटल्यावर.

चौथीच्या मुलांपुढे दोन्ही ठेवावीत आणि विचारावे : हे कोण सांगतो? केव्हा सांगतो? त्याला कसे कळले? एखादे चुणचुणीत पोर म्हणेल, “मग मुलगी नव्हतीच!” तिथे थांबवावे. लेखातली वंशावळ पुरुषांचीच आहे; दगडही सारे सांगत नाही.

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या १८९८ मधील पहिल्या खंडात वि. का. राजवाडे यांनी बखरींची अशीच झडती घेतली. १९२६ मध्ये ते धुळ्यात निवर्तले. त्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाड्यात, १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मोबाइलवर फिरणाऱ्या अशा निरोपांनाही तेच तीन प्रश्न लागू पडतात. इतिहासाच्या तासाला त्यांची सवय लागली, तर ती परीक्षेपुरती राहणार नाही. कुणाचा तरी जीव त्यावर अवलंबून असतो.