मार्केट स्ट्रीटचे रंग

१९०६ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं माइल्स बंधूंनीं आपला चलच्चित्रांचा कॅमेरा एका केबल-गाडीच्या पुढच्या टोकास बसविला आणि मार्केट स्ट्रीट या हमरस्त्यानें फेरी बिल्डिंगपर्यंतचा प्रवास चित्रित केला. चित्र जेमतेम तेरा मिनिटांचें. त्यांत कथा नाहीं, नट नाहींत. घोडागाड्यांमधून वाट काढणारीं माणसें, रुळांवर रेंगाळणारीं पोरें आणि मिरविणाऱ्या मोटारी, एवढाच काय तो मजकूर. कांहीं मोटारी तर वळसा घालून पुनःपुन्हां कॅमेऱ्यासमोर येतात. शहर मोटारींनीं गजबजलेलें भासविण्याची ती युक्ति असावी.

१८ एप्रिलच्या पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनीं तेथें धरणीकंप झाला. पाठोपाठ लागलेली आग तीन दिवस धुमसत राहिली, आणि तींत माइल्स बंधूंचें कार्यालयही भस्मसात् झालें. फिल्म मात्र आदल्या रात्रींच आगगाडीनें न्यूयॉर्ककडे रवाना झाली होती.

पुढें कित्येक वर्षें हें चित्र १९०५ च्या सप्टेंबरांतील समजलें जाई. डेव्हिड कीन या चित्रपट-इतिहासाच्या संशोधकास तें पटेना. रस्त्यावर पाणी साचलेलें दिसत होतें, आणि सप्टेंबर हा तर तेथील कोरड्या ऋतूचा महिना. त्यांनीं जुन्या वृत्तपत्रांतील हवामानाच्या नोंदी चाळल्या, एका मोटारीचा क्रमांक वाचून ती केव्हां नोंदली गेली याचा शोध घेतला, आणि हें चित्रीकरण भूकंपाच्या अवघे कांहीं दिवस आधींचें होय असें दाखवून दिलें. रस्त्यानें हंसत चाललेल्या त्या माणसांकडे तेव्हांपासून कोणासही निर्विकारपणें पाहवत नाहीं.

२०२० च्या सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें अशा जुन्या नगरचित्रांस रंग चढविण्याची लाट आली, तींत मार्केट स्ट्रीटही रंगला. लाखों रंगीत छायाचित्रांतील रंग काढून टाकावयाचे, आणि उरलेल्या करड्या छटांवरून मूळ रंग ओळखण्याचा सराव यंत्राकडून करवून घ्यावयाचा, अशी ही रीत आहे. गवत हिरवें, आकाश निळें, इतकें यंत्रास बरें साधतें. पण एखाद्या बाईच्या टोपीचा रंग कोणता होता? त्या काळची फिल्म तांबड्या प्रकाशास जवळजवळ आंधळी असे. तांबडें वस्त्र तीवर काळेंच उमटे. जो रंग फिल्मवर उतरलाच नाहीं तो यंत्र तरी कोठून आणणार? तें संभाव्य रंग देतें, खरा नव्हे.

गतीचेंही तसेंच. त्या काळीं सेकंदास सुमारें सोळा चित्रें घेत. यंत्र मधलीं चित्रें स्वतः रचून तीं साठांपर्यंत नेतें. म्हणजे चारांपैकीं तीन चित्रें कोणत्याही कॅमेऱ्यानें घेतलेलीं नसतात. चाल मोठी गुळगुळीत दिसते, आणि तीस मोहून अनेक तरुण प्रथमच त्या रस्त्यावर डोकावले, हा लाभ थोडका नव्हे. फिल्मवरील धूळ व ओरखडे काळजीपूर्वक काढणें हें तर जीर्णोद्धाराचें सरळ काम आहे. त्यास कोणाची हरकत नाहीं.

कांहीं इतिहासकारांचा व अभिलेखपालांचा आक्षेप आहे तो रचलेल्या भागास. यंत्र अस्पष्ट आकृतीस आपल्या सरावांतील आकार देतें. साचलेलें पाणी तें डाग समजून पुसून टाकूं शकेल, पुसट आंकड्याच्या जागीं दुसराच आंकडा ठसठशीत उमटवूं शकेल, आणि पाहणारास शंकाही येणार नाहीं. कीन यांना तारखेचा सुगावा लागला तो याच दोन खुणांवरून. आणि त्यांनीं त्या वाचल्या त्या रंग चढण्यापूर्वींच्या, ओरखडे पडलेल्या करड्या प्रतीवर.